गलबताच्या सिनेमाला पडलेली मते

किस्से कोणी जमवत नाही, ते साचतात. ओव्या जमवाव्या लागतात. त्यासाठी वही लागते, पेन्सिल लागते, आणि जात्यावर बसलेल्या बाईने "ह्ये कशापायी लिवताय?" असे विचारले तर देण्याजोगे एक उत्तर लागते. माझ्या वह्यांत ओव्या पुढच्या पानापासून सुरू होतात. मागच्या पानापासून मात्र भलतेच काही सुरू होते: कोण काय बोलले, कोणाचे हसू झाले, कोण गप्प राहिले. यातले काहीही मी अभ्यास म्हणून टिपले नव्हते. एकट्या माणसाला संध्याकाळी काहीतरी लिहावेसे वाटते, इतकेच त्याचे शास्त्र!

परवा एक जुनी वही झटकली तर तीतून एक चिठ्ठी पडली. वाचनालयाचा जांभळा शिक्का, आणि खाली माझ्याच अक्षरात दोन शब्द: 'एक मत'. हे मत मी कधी दिलेच नव्हते. चिठ्ठी हातात आली आणि तिच्यामागोमाग तो सबंध उन्हाळा आला.

* * *

देशातली पहिली निवडणूक होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. पिंपरीच्या बाजूला कारखान्यांच्या भिंती चढत होत्या आणि दापोडीत, रेल्वेचे रूळ आणि मुंबईचा रस्ता यांच्यामधल्या गल्ल्यांत, रोज नवी माणसे ट्रंका घेऊन उतरत होती. अशाच एका गल्लीत आमचे वाचनालय होते. दोन बाके, एक कपाट, एक गॅसबत्ती. ग्रंथपाल मी, मागच्या खोलीत राहणाराही मीच. मी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवले नाही, पण चष्म्यामुळे सारे मला 'मास्तर' म्हणत.

चिटणीस होते नानासाहेब. सेवानिवृत्त हेडमास्तर, म्हणजे खरे मास्तर ते, पण त्यांना मास्तर म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. दर सोमवारी आम्ही एक भित्तिपत्र काढत असू: मजकूर त्यांचा, अक्षर माझे. त्या वर्षी चैत्रात दापोडी आणि भोसरीच्या मधल्या एका मोकळ्या शेतात फिरत्या सिनेमाचा तंबू लागला, आणि वाचनालय ओस पडले. नानासाहेबांनी आठवडाभर विचार केला आणि मला मजकूर सांगितला:

'वाचकहो! या उन्हाळ्यात तंबूत लागलेल्या चित्रपटांपैकी आपणांस सर्वाधिक आवडलेला कोणता? आपले मत द्या. ज्यास सर्वाधिक मते पडतील तो चित्रपट, तंबू उठण्यापूर्वी शेवटच्या दिवशी पुन्हा दाखविला जाईल.'

"सिनेमामुळे लोक जर वाचनालयात येत नसतील," ते म्हणाले, "तर सिनेमासाठी येतील!"

पहिल्याच दिवशी भोसरीचे एक शेतकरी आले. मजकूर दोनदा ऐकला आणि गंभीरपणे विचारते झाले, "निवडून आल्याव पाच वर्सं त्योच शिनेमा बघाया लागंल व्हय?"

* * *

पहिली अडचण 'वाचकहो' या संबोधनाचीच उभी राहिली. चिठ्ठी फक्त वाचकांना मिळणार. आणि गल्लीतल्या निम्म्या माणसांना अक्षरओळख नव्हती. ती माणसे सोमवारी भित्तिपत्रासमोर उभी राहत आणि कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवी.

अशा दहा-बाराजणांनी एकदम चिठ्ठ्या मागितल्या. नानासाहेब म्हणाले, "आपण वाचक नाही, श्रोते आहात."

त्यांच्यातला एक म्हणाला, "साहेब, वाचून दावनारा वाचतो आन् इसरतो. आमी आयकतो आन् ध्यानात ठिवतो. आता सांगा, वाचलं कुनी?"

नानासाहेबांनी त्या संध्याकाळी ठराव लिहवून घेतला: 'ऐकणारा तोही वाचक समजावा.' मौखिक परंपरेवर पुढे मी पुष्कळ ग्रंथ वाचले. इतका नेमका सिद्धान्त कुठे सापडला नाही!

* * *

दुसरी अडचण नावांची. सिनेमांची छापील नावे कोणालाच ठाऊक नव्हती. लोककथेलाही नाव नसते. ती 'त्या कावळ्याची' नाहीतर 'त्या सात भावांची' असते. तसेच इथे झाले. चार सिनेमे लोकांच्या तोंडी राहिले: सासूचा, तलवारीचा, देवीचा आणि गलबताचा.

ही नावे देण्यात मोठा वाटा हौसाबाईंचा. हौसाबाई चाकणच्या कांद्याच्या बाजारात कांदा निवडण्याचे काम करीत. तंबू आधी चाकणला होता, तिथे त्यांनी सगळे सिनेमे पाहिलेले. आणि लेक भोसरीला दिलेली. त्यामुळे सिनेमा भोसरीस पोचायच्या आधी हौसाबाई पोचत आणि लेकीच्या ओट्यावर बसून तो सांगत. माझ्या वहीत त्यांच्या चाळीसेक ओव्या आहेत; पण ओव्यांपेक्षा त्या सिनेमे अधिक चांगल्या सांगत, हे कबूल केले पाहिजे. सासूच्या सिनेमात त्यांची सून विहिरीच्या काठी बसून आईला अशी हाक मारी की ओट्यावरच्या बाया पदर डोळ्याला लावत.

पुढे तोच सिनेमा आमच्याकडच्या तंबूत लागला, आणि सून विहिरीवर गेली, घागर भरली आणि मुकाट्याने परत आली! बायांच्या बाजूने गलका उठला. एकजण तर उठून उभीच राहिली:

"अरं ए मशीनवाल्या! रडायचं कापलंस व्हय रं? चाकणला व्हतं त्ये!"

तंबूचे मॅनेजर आणि मशीन चालवणारे एकच, गुलाबभाई. उंच, किडकिडीत, खिशात कायम कैची. फिल्म तुटली की कापायची, जोडायची आणि पुढे चालवायची, हा त्यांचा धंदा. ते दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. "मास्तर, त्या हौसाबाईला सांगा जरा. तिच्यापायी माझ्या फिल्मा कमी पडायला लागल्या!"

मी हौसाबाईंना विचारले, "विहिरीवरचे रडणे तुम्ही घातलेत ना?"

"मंग? ती मानूस न्हाई व्हय? तितं तिला येकटीलाच येळ गावला व्हता रडाया."

गलबताचा सिनेमाही त्यांनी असाच सांगितला. नायक गलबतात बसून परमुलखी निघतो, बंदराच्या धक्क्यावर गाव जमते, आणि – हौसाबाई सांगत – "कडंला येक बाई हुबी हाय. डोळ्यांवर हात धरून बगतीय. तिचं कुनी न्हाई त्या गलबतात. तरी बगतीय."

मी वहीत टीप लिहिली: 'धक्क्यावरची बाई: कथनकर्तीची भर. विहिरीवरील रडण्याप्रमाणेच.' ती टीप चुकीची होती. पण ते पुढे.

* * *

तंबूत पडदा मधोमध असे. अलीकडे पुरुष, पलीकडे स्त्रिया. कापडातून चित्र दोन्हीकडे दिसे. फक्त पलीकडे ते उलटे. उजवे डावे होई.

एका सकाळी भोसरीचे एक जोडपे भांडत भांडत वाचनालयात आले. वाद तलवारीच्या सिनेमाचा. नवरा म्हणे, वीर उजव्या हाताने लढतो. बायको म्हणे, डावरा आहे. घरात तीन दिवस बोलणे बंद!

नानासाहेबांनी फळ्यावर आकृती काढली आणि सिद्ध केले की दोघांचेही बरोबर आहे. पण ज्यात दोघांचेही बरोबर ठरते तो निवाडा कोणाला हवा असतो?

"म्या समोर बसून बगितलंय," बायको म्हणाली.

"समोर मी व्हतो! तू पडद्याच्या पाठीमागं व्हतीस!"

"पाठीमागं तुमी व्हता," ती शांतपणे म्हणाली. "आमच्याकडनं तुमीच पाठीमागं दिसत व्हता."

नानासाहेबांनी फळा पुसला. मला वाटते, त्यांच्या पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली होती. फडके त्यांनी खुंटीला अडकवले. मग म्हणाले, "घरात भांडायला माणूस असणे ही चैन आहे, मास्तर." आणि त्या दिवशी लवकर गेले.

* * *

दत्ताराम टर्नर होता. मूळचा मालवणकडचा, दापोडीत दोन गाववाल्यांबरोबर एका खोलीत राही. वाचनालयात येऊन तो रोज तेच जुने वर्तमानपत्र वाची, कारण नवे कोणीतरी आधीच धरलेले असे आणि मागायचे त्याच्या स्वभावात नव्हते.

गलबताचा सिनेमा आठवडाभर चालला. आठही दिवस दत्ताराम गेला. ('आठवडा सात दिवसांचा असतो,' असे नानासाहेब म्हणाले, पण गुलाबभाईंनी एक दिवस वाढवला होता.) आणि दर दिवशी पहिले रीळ संपले, मशीन थांबले, की तो उठून जाई. लोकांनी त्याचे नाव 'पावशेर' ठेवले. पुरता शेर घेऊन पाव शेरच खाणारा!

"काय राव पावशेर, पुढचं बघून घ्या की एकदा! हिरो परत येतो का बुडतो, कायतरी कळू द्या!"

"तुम्ही सांगाल की," तो हसून म्हणे.

मतदानाची सूचना लागली आणि या अबोल माणसाने प्रचार सुरू केला! कॅन्टीनमध्ये, नळावर, रेल्वेच्या फाटकापाशी. प्रचाराचे वाक्य एकच: "गलबताच्या सिनेमाक मत द्या हां. बंदर बरा दाखवलाहा." का, असे कोणी विचारले की पुन्हा तेच, बंदर बरे दाखवले आहे. शिफ्ट सुटली की शंभर माणसांच्या घोळक्यात उभा राहून हा एक माणूस बंदराची शिफारस करी, आणि घोळका पुढे निघून जाई.

एका दुपारी वाचनालयात दोघेच होतो. मी सहज म्हणालो, "दत्ताराम, बंदर तुमच्या गावचे आहे का?"

त्याने वर्तमानपत्राची घडी केली. एरवी तो आमच्याशी आमच्यासारखे बोलण्याचा प्रयत्न करी. त्या दिवशी तो प्रयत्न सुटला.

"मास्तरानू, तुमका म्हणान सांगतंय. कोणाक सांगा नको." मग थांबून, "ती धक्क्यार उभी आसा ना, डोळ्यार हात धरून? ती माझी घरकारीण."

सिनेमावाले त्याच्या बायकोच्या गावी गेले होते. गर्दी हवी म्हणून गावातली माणसे धक्क्यावर उभी केली. दत्ताराम तेव्हा इथे, लेथवर. त्याच पावसाळ्यात ती तापाने गेली. पत्र पोचले तेव्हा तेरावाही उरकला होता. ती चित्रात आहे हे त्याला कोणी कळवलेही नव्हते. तो आपला वेळ घालवायला म्हणून तंबूत शिरला होता.

"फोटो नाय माझ्याकडे एकव," तो म्हणाला. "चार आकडे मोजीसर दिसता. एक, दोन, तीन, चार. मगे गलबत."

मी वहीतली ती टीप खोडली. मग विचारले, "गुलाबभाईंना सांगितलेत?"

"सांगितलंय. ते म्हणाले, एका माणसासाठी इंजन पेटवूचा परवडत नाय. निवडान येऊ दे, मगे लावतंय."

म्हणजे शेवटच्या दिवशीचा तो खेळ आमच्यासाठी करमणूक होती. त्याच्यासाठी ते चार आकडे होते. त्यानंतर तंबू उठणार होता, आणि पेटाऱ्यातल्या फिल्मा कोणत्या मुलखात जातील, गुलाबभाईंनाही ठाऊक नव्हते.

* * *

मतदानाची व्यवस्था नानासाहेबांनी खऱ्या निवडणुकीबरहुकूम केली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह असे; मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. आम्ही वनस्पती तुपाचे चार रिकामे डबे घासून घेतले, झाकणाला फट पाडली, आणि सिनेमाच्या जाहिरातीतली चित्रे कापून चिकटवली. एकावर लाटणे उगारलेली सासू, एकावर तलवार, एकावर गलबत, एकावर देवी. डबे मागच्या खोलीत, माझ्याच कॉटवर, ओळीने मांडले. मी दाराशी चिठ्ठ्या वाटायला बसलो. मी स्वतः मत द्यायचे नाही असे ठरवले होते. अभ्यासकाने तटस्थ असावे, अशी तेव्हा माझी समजूत होती.

पहिल्या तासाभरात खोलीतून उदबत्तीचा वास आला.

आत जाऊन पाहतो तो देवीच्या डब्याला कुंकू लागलेले! पुढ्यात दोन फुले, चिमूटभर तांदूळ, आणि एक बाई डब्यासमोर डोळे मिटून उभी. नानासाहेब संतापले. "अहो, ही मतपेटी आहे!"

"व्हय की," बाई म्हणाली. "मला सासूचाच शिनेमा आवडला. पर आई म्होरं असताना चिठी सासूला कशी टाकू?"

दुपारपर्यंत रांगेतला निम्मा समाज आधी देवीला हात जोडू लागला. आमची चूक माझ्या ध्यानात आली. चिन्ह म्हणून आम्ही जे चिकटवले होते, ते या लोकांच्या दृष्टीने चिन्ह नव्हतेच. लाटणे हे चित्र, गलबत हे चित्र. देवी मात्र देवी. आणि देवीसमोरच्या फटीत चिठ्ठी टाकणे याला आमच्या मुलखात मतदान म्हणत नाहीत. त्याला मागणे म्हणतात.

"नानासाहेब, चित्र बदलू या," मी म्हणालो. "घंटा चिकटवू, दिवा चिकटवू."

"मतदान सुरू झाल्यावर चिन्ह बदलता येत नाही," ते म्हणाले. आणि नियम म्हणून ते बरोबरच होते.

संध्याकाळी दत्ताराम आला, सोबत दोघे खोलीवाले. कारखान्यातून सुटून, हातपाय धुऊन, धुतलेला सदरा घालून. तिघांनी चिठ्ठ्या घेतल्या. आत जाऊन आले. दत्ताराम माझ्याकडे पाहून किंचित हसला. त्याला मी पहिल्यांदाच असे, काम पुरे झाल्यासारखे हसताना पाहिले.

* * *

मोजणी दुसऱ्या दिवशी झाली. नानासाहेब आणि मी, मध्ये चार डबे.

सासू मागे पडली. तलवार तर फारच मागे. गलबताच्या डब्यातून मात्र चिठ्ठ्या निघत राहिल्या. बंदर बरे दाखवले आहे, हे वाक्य इतक्या माणसांनी ऐकून ठेवले होते याचे मला आश्चर्य वाटले. ऐकणारा तोही वाचक!

शेवटी देवीचा डबा. चिठ्ठ्या, तांदूळ, सुकलेली फुले. बहुतेक चिठ्ठ्या मागच्या बाजूला कोऱ्या होत्या, काहींवर अंगठे. आणि तळाशी, एकाच अक्षरात पेन्सिलीने लिहिलेल्या तीन चिठ्ठ्या:

'आई, गलबत परत येऊं दे.'

मी ते अक्षर ओळखले. खोलीवाल्यांना लिहिता येत नव्हते. तिघांचेही मागणे त्यानेच लिहिले होते. ज्याच्याकडे मागायचे त्याच्या पुढ्यात टाकायचे, हा जन्माचा रिवाज. त्यात त्याने काहीही चूक केली नव्हती.

देवी चार मतांनी निवडून आली. या तीन चिठ्ठ्या गलबतात पडल्या असत्या, तर गलबत दोन मतांनी जिंकले असते.

"या तीन गलबताच्या धरा," मी म्हणालो. "स्वच्छ लिहिले आहे."

नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते मतपेटी वाचत नाही, मास्तर. ज्या डब्यात पडली त्या डब्याची."

मी कारण सांगितले असते तर? हा प्रश्न मी पुष्कळदा उलटसुलट करून पाहिला आहे. सहा वर्षे एकट्याने जेवणारे नानासाहेब ते कारण ऐकून कदाचित नियम विसरले असते. पण 'कोणाक सांगा नको' असे मला सांगितले होते. मी वचन पाळले. पाळलेल्या वचनांपैकी मला सलणारे ते एवढेच.

निकाल दत्तारामला मीच सांगितला. त्याने देवीच्या डब्याकडे पाहिले.

"म्हणजे देवयेन आयकल्यान नाय?"

"ऐकलं असेल, दत्ताराम. मोजलं आम्ही."

* * *

शेवटच्या दिवशी देवीचा सिनेमा लागला. तंबू गच्च भरला, आणि भरलेल्या तंबूत निम्म्या लोकांनी कबूल केले की त्यांना हा सिनेमा विशेष आवडलेला नाही! "मग मत का दिलंत?" असे एकाने दुसऱ्याला विचारले. "तू का दिलंस?" दुसरा म्हणाला. दोघेही हात जोडून पुढचा प्रवेश पाहू लागले.

दत्ताराम आला नव्हता.

सकाळी तंबू उतरवत होते तेव्हा मी गुलाबभाईंकडे गेलो. विनवणी करायची होती, निदान फिल्म पुढे कुठे जाणार ते विचारायचे होते. ते पेटाऱ्यावर बसून विडी ओढत होते. मी बोलायच्या आत म्हणाले:

"मास्तर, एका माणसासाठी इंजन नाय चालत. पण कैची चालते."

"म्हणजे?"

"पब्लिकला एक झटका बसंल, बस. पब्लिकला झटक्याची आदत हाय."

पुढच्या रविवारी दुपारी मी दत्तारामच्या खोलीवर गेलो. खिडकीच्या काचांवर, चौकटीला लागून, चार हात लांबीची फिल्मची पट्टी खळीने चिकटवलेली होती. उन्हात प्रत्येक चौकोन लख्ख दिसत होता. नखाएवढा धक्का, नखाएवढी गर्दी, आणि कडेला एक बाई. पहिल्या चौकोनात तिचा हात खाली होता. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत तो डोळ्यांशी पोचला होता. शेवटच्या चौकोनातही तो तिथेच होता.

"तीन वाजता ऊन येता," दत्ताराम म्हणाला. "तवसर थांबाचा लागता."

रस्त्यावरून पाहिले तर ती उजवीकडे पाहत होती. खोलीतून पाहिले तर डावीकडे. मी विचारले, "यातली सरळ बाजू कोणती?"

"दोनव सरळ," तो म्हणाला.

ऊन सरकेपर्यंत आम्ही दोघे बसलो. मग मी माझ्या खोलीत परत आलो. माझ्या खिडकीत काहीच नव्हते, हे त्या दिवशी प्रथम लक्षात आले.

* * *

काही उन्हाळे गेले. नानासाहेब वारले, वाचनालय मोठ्या इमारतीत गेले, दत्तारामची मुंबईस बदली झाली. खिडकीच्या काचांसकट गेला, असे त्याचे खोलीवाले सांगत. मी ओव्यांच्या शोधात चाकणला गेलो होतो. गुलाबभाईंचा तंबू तिथेच लागलेला, आणि त्या रात्री गलबताचा सिनेमा होता. मीही पाहिला. धक्का आला, गर्दी आली, पडदा एकदम उडाल्यासारखा झाला आणि गलबत थेट भर समुद्रात! लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि विसरून गेले.

सकाळी बाजारात हौसाबाई कांद्याच्या ढिगापाशी बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, पण हात तसेच चालत होते: चांगला इकडे, सडका तिकडे. भोवती बाया आणि पोती उचलणारे दोन हमाल. आणि हौसाबाई सिनेमा सांगत होत्या.

"...आन् कडंला येक बाई हुबी हाय. डोळ्यांवर हात धरून बगतीय."

एक हमाल हसला. "आज्जे, कायबी सांगतीस! काल बगितला की म्या. तसली बाईच न्हाई त्यात!"

मी वहीचे मागचे पान उघडले.

हौसाबाईंनी हातातला कांदा चाचपून पाहिला आणि चांगल्याच्या ढिगात टाकला.

"हाय रं," त्या म्हणाल्या. "तुमी उशिरा गेलासा."